शेवटच्या स्वाराची घंटी

मित्रांनो, सायकलच्या हँडलवर बसलेली, डोक्याला पोचा आलेली आणि तरीही खणखणीत वाजणारी एखादी जुनी पितळी घंटी तुम्हाला कुठे दिसली, तर जरा थांबा. ती मीच असण्याची बरीच शक्यता आहे. माझ्या वयाच्या घंट्या आता फारशा उरल्या नाहीत, आणि उरल्या आहेत त्यांचा आवाज बसला आहे. मी मात्र अजून वाजते. गेल्या थंडीत तर अशी वाजले, की एका अख्ख्या शर्यतीचा निकाल फिरला.

ती हकीकत सांगण्यासाठीच तुम्हाला थांबवलं. पण आधी माझं पूर्वायुष्य थोडक्यात ऐकून घ्या. म्हातारपणी गोष्ट मधूनच सुरू करायला जीभ रेटत नाही.

एका लहानशा कारखान्यात पितळेच्या पत्र्यातून मला कापलं, साच्यात दाबून वाटीसारखा आकार दिला आणि पोटात दोन चकत्या, एक स्प्रिंग आणि एक खटकी बसवली. खटकी अंगठ्याने दाबली की चकत्या गरगर फिरतात, मला आतून ठोसे मारतात आणि मी ओरडते. ठोसे खाऊनही गोड बोलणारी मंडळी जगात कमीच, त्यातली मी एक. कारखान्यातला तपासनीस प्रत्येक घंटी कानाशी धरून वाजवायचा आणि काही न बोलता पुढे सरकवायचा. माझ्या वेळी मात्र तो शेजारच्याला म्हणाला, "ही गल्ली जागी करणार बघ." आयुष्यातलं पहिलं कौतुक कोणी विसरत नाही.

आणि खरोखरच मी गल्ल्या जाग्या केल्या. एका बेकरीवाल्याच्या सायकलवर माझी नेमणूक झाली. मागे गरम ब्रेडची पेटी, पुढे मी. आमची सायकल कोपऱ्यावर वळली की मी वाजायची आणि दारं उघडायची. कोणी डोळे चोळत यायचं, कोणी एका पायात चप्पल घालून धावत यायचं. कितीतरी वर्षं लोकांची सकाळ माझ्या आवाजाने झाली. मग बेकरीवाल्याने गाडी घेतली. तिला भोंगा होता. आमची सायकल भंगारात निघाली आणि तिथून एका तरुण प्लंबरने, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून, मला सोडवून घेतलं. घरी नेऊन त्याने मला एका पत्र्याच्या डब्यात टाकलं. डब्यात गळके नळ, झिजलेले वायसर आणि डोकी मोडलेले स्क्रू होते. तिथे मी वर्षानुवर्षं मुकी पडून राहिले. माझ्या स्प्रिंगला गंज चढला. 'कधीतरी' हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही.

हा प्लंबर सायकलवेडा होता. आठवडाभर लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करायच्या आणि रविवारी सकाळी जाड टायरची सायकल घेऊन गावामागच्या टेकडीवर चिखलात लोळायचं, हा त्याचा नेम. हळूहळू त्याच्यासारखे आणखी वेडे जमले आणि थंडीतल्या रविवारच्या शर्यती सुरू झाल्या. शर्यत म्हटल्यावर फार थाटमाट डोळ्यांसमोर आणू नका. टेकडीच्या पायथ्याशी पाण्याची उंच टाकी आहे. तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेत दोन खांबांना लाल फीत बांधायची. शिट्टी वाजली की सगळ्यांनी टेकडी चढायची, पलीकडून झाडीतून उतरायचं आणि फितीखालून परत आत यायचं. मग टाकीच्या आडोशाला स्टोव्हवर चहा. जो पहिला येईल त्याला चहाचा पहिला कप, हेच बक्षीस.

एका रविवारी मात्र घोटाळा झाला. पोस्टातल्या एका कारकुनाची चेन वर टेकडीवरच तुटली. इकडे मंडळींनी चहा घेतला, गप्पा मारल्या, फीत गुंडाळली आणि सगळे घरी गेले. बिचारा कारकून सायकल ढकलत खाली आला तेव्हा मैदानात चिटपाखरूही नव्हतं. त्यानंतर कित्येक दिवस त्याने कोणाशी बोलणं टाकलं. प्लंबरच्या मनाला ते फार लागलं. त्याने तो पत्र्याचा डबा पालथा केला, मला उचललं, तेल दिलं आणि खटकी दाबली. मी आधी खरखरले, मग खोकले आणि मग अशी काही वाजले, की शेजारच्या घराची खिडकी उघडली.

त्या दिवशी नवा नियम झाला. या रविवारी जो शेवटी येईल त्याच्या हँडलवर पुढच्या रविवारी ही घंटी. उतार उतरताना त्याने ती वाजवत यायची. घंटी ऐकू आली की समजायचं, सगळे आले. तोवर चहा ओतायचा नाही. गेल्या वेळी मागे राहिलेला माणूस या वेळीही मागेच राहतो असा प्लंबरचा अंदाज होता आणि तो सहसा चुकत नसे. घंटी म्हणजे शेवट, हे हळूहळू सगळ्यांच्या कानात पक्कं बसलं. इतकं पक्कं, की पुढे ते त्यांना चांगलंच नडलं.

गेल्या थंडीत मी प्लंबरच्या थोरल्या बहिणीकडे आले. ती चष्म्यांचं दुकान चालवते. सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. वर्षानुवर्षं शर्यतीच्या दिवशी ती स्टोव्हजवळ कप मांडून उभी असायची. तिचा मुलगा शिकायला परगावी गेला आणि त्याची डोंगरात चालवायची सायकल व्हरांड्यात धूळ खात पडली. मग एका रविवारी ताईने भावाच्या बायकोच्या हातात गाळणी दिली आणि म्हणाली, "आज चहाचं तू बघ. मी जरा वर जाऊन येते." ती वर गेली ती सर्वांत शेवटी खाली आली. कपाळाला चिखल, गुडघा खरचटलेला आणि चेहऱ्यावर असं हसू, की भावाला तिला रागवताही येईना. पुढच्या रविवारी मी तिच्या हँडलवर होते. त्याच्या पुढच्या रविवारीही होते.

मित्रांनो, इतकी काळजी माझी कोणी घेतली नव्हती. दुकान बंद करताना ती चष्म्याच्या इवल्याशा स्क्रूड्रायव्हरने माझ्या पट्टीचा स्क्रू आवळायची आणि काचा पुसायच्या मऊ कापडाने माझं अंग पुसायची. मी चकाकायला लागले. मला माझा थोडा गर्वही झाला, नाही कशाला म्हणू?

आणि ती थंडी! एरवी आमच्या टेकडीवर अशी कडाक्याची थंडी पडते, की पायवाट दगड होते, कडेच्या डबक्यांवर बर्फाचा पापुद्रा धरतो आणि शर्यतीचे बरेच रविवार बुडतात. त्या वर्षी थंडी नावालाच आली. माती मऊ राहिली, ऊन कोवळं राहिलं, हातमोजे खिशातच राहिले. एकही रविवार बुडाला नाही. चढावर ताईला नाकी नऊ यायचे, पण माथ्यावर पोचली की ती एक क्षण थांबायची, घोटभर पाणी प्यायची आणि स्वतःला उताराच्या हवाली करायची. चाकं डबक्यातून जायची, चिखल माझ्या तोंडावर उडायचा आणि वारा माझ्या वाटीत शिरून बारीक शीळ घालायचा. मागे कोणी नाही, पुढे कोणी दिसत नाही. अशा वेळी ताई मोठ्याने हसायची. तिचं ते हसणं टेकडीवर फक्त मी ऐकलं आहे.

एक जागा मात्र तिला जमत नव्हती. उतारावर एका ठिकाणी जुन्या झाडांची मुळं जमिनीबाहेर आली आहेत, वेड्यावाकड्या पायऱ्यांसारखी. सगळे त्या जागेला मुळांचा जिना म्हणत. तिथे पोचली की ताई खाली उतरायची आणि सायकल धरून चालत जायची. "हाडं मोडली तर चष्मे कोण बसवणार?" असं ती मलाच समजावायची. पण जिना संपल्यावर मागे वळून बघायची आणि ते बघणं काही समाधानाचं नसायचं.

त्या वर्षी शर्यतीत एक ड्रिलमास्तर नव्याने आले होते. शाळेत मुलांकडून कवायत करून घेणारे, अंगाने सडपातळ, मनगटावर घड्याळ आणि गळ्यात शिट्टी. दर रविवारी तेच पहिले यायचे, आणि पहिला येणारा माणूस सर्वांत जास्त वेळ थांबतो. घामाने भिजलेल्या अंगाने चहाची वाट बघत उभं राहणं त्यांना पटेना. थंडीच्या शेवटच्या शर्यतीच्या आधीच्या रविवारी त्यांनी विषय काढलाच.

"प्लंबरसाहेब, शर्यत आहे की सहल? एकासाठी सगळ्यांनी ताटकळायचं? चहा झाला की ओतायचा. चहा ओतल्यानंतर जो येईल, त्यानं पुढच्या वर्षी घरीच बसावं. आणि ती घंटीही काढून टाका. डोकं उठतं."

कोणी नाव घेतलं नाही, पण सगळे ताईकडे बघायचं टाळत होते. प्लंबरने डोकं खाजवलं. मास्तरांसारखा पट्टीचा सायकलपटू त्यांच्यात दुसरा नव्हता, आणि ते रुसून जातील ही भीती होती. "बरं," तो म्हणाला, "शेवटच्या रविवारी तसं करून बघू. घंटी त्यानंतर काढू."

घरी आल्यावर मला पुसताना ताई म्हणाली, "एकच रविवार उरला बाई. तुझाही आणि माझाही." मला पुन्हा तो पत्र्याचा डबा दिसू लागला, गळके नळ आणि वायसर दिसू लागले. माझं धाबं दणाणलं.

शेवटच्या रविवारी धुकं पडलं. साधंसुधं नाही, हँडलवरच्या मला चार हातांपलीकडचं दिसू नये असं. कोणीतरी म्हणालं, आज राहू दे. मास्तर म्हणाले, "थंडी नाही, पाऊस नाही, धुक्याला काय घाबरायचं?" शिट्टी वाजली. मास्तर पुढे, त्यांच्या मागे सगळे एका ओळीत. प्रत्येकाची नजर पुढच्याच्या मागच्या चाकावर. ओळीच्या शेवटी गावातले दातांचे डॉक्टर होते. त्यांना माझी फार धास्ती. आपण शेवटून दुसरे आहोत, ताईंनी शर्यत सोडली तर घंटी आपल्या गळ्यात पडेल, या विचाराने ते नेहमी कान मागे ठेवून सायकल चालवायचे. आणि सर्वांत मागे, एकटी, ताई.

माथ्याच्या पलीकडे एक उन्मळून पडलेलं झाड आहे. तिथे वाट फुटते. डावीकडची मुळांच्या जिन्यावरून घरी आणते. उजवीकडची सोपी दिसते, पण ती जुन्या खाणीच्या बंद फाटकाशी जाऊन संपते. प्लंबरने डावीकडच्या झाडाला लाल चिंधी बांधली होती, पण धुक्यात ती दिसणार कोणाला? मास्तर वेगात उजवीकडे वळले आणि पुढच्याचं चाक धरून सगळी वरात त्यांच्या मागे गेली.

ताईपुढे कधी कोणाचं चाक नसायचंच. ती अख्खी थंडी एकटी उतरली होती, त्यामुळे तिला ते पडलेलं झाड, तो उंचवटा, ते वळण सगळं तोंडपाठ होतं. ती झाडाशी थांबली. मऊ मातीत टायरचे ताजे माग उजवीकडे गेलेले दिसले. खालून चेनचा खडखडाट ऐकू येत होता.

"अहो, रस्ता चुकलात!" ती ओरडली. "मागे फिरा!"

धुक्याने तिचे शब्द गिळून टाकले. मग तिने माझी खटकी दाबली. दाबतच राहिली. मी जीव तोडून वाजले. गल्ल्या जाग्या करणारी मी, माझा आवाज धुक्यातून आरपार गेला, खाणीच्या वाटेवर पोचलासुद्धा. आणि मित्रांनो, तिथेच गंमत झाली. खालून डॉक्टरांचा आवाज आला.

"घंटी वाजतेय! ताई मागेच आहेत! म्हणजे वाट बरोबर आहे, चला, चला!"

आणि खडखडाट आणखी जोरात होत लांब गेला. मी जितकी वाजले, तितके ते निर्धास्तपणे चुकीच्या वाटेने पळाले. शेवटच्या स्वाराची घंटी मागे असताना वाट चुकलीच कशी असेल, असा त्यांचा सरळ हिशेब.

ताई कपाळावर हात मारून हसली. "जाऊ दे. फाटकाला धडकले की येतील परत." मग तिचं हसू हळूच थांबलं. ती काय विचार करत होती ते मला तिच्या बोटांवरून कळलं, कारण बोटं हँडलवर घट्ट आवळली गेली. आयुष्यात पहिल्यांदा शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती. पण ते सगळे तिच्यापेक्षा वेगवान. फाटकावरून वळले की तिला हां हां म्हणता गाठणार. मुळांच्या जिन्यावर उतरून चालत बसली, तर संपलंच.

तिने सायकल डावीकडे वळवली. जिन्याच्या तोंडाशी आली. मला वाटलं, आता उतरेल. तिचा एक पाय पेडलवरून उचललाही गेला होता. मग तो परत पेडलवर आला. तिने शरीर मागे नेलं, पुढच्या ब्रेकवरची बोटं सोडली आणि म्हणाली, "धरून बस ग."

मी काय धरणार? पण पहिल्या मुळावरून चाक धाडकन खाली गेलं आणि मी आपोआप वाजले. दुसऱ्यावर वाजले. तिसऱ्यावर माझा स्क्रू सैल झाला आणि मी हँडलवर गर्रकन फिरून उलटी लटकले. आकाश खाली आणि मुळं डोक्यावर! ताईचे दात एकमेकांवर आपटत होते, सायकलच्या पुढच्या स्प्रिंगा कण्हत होत्या, पण चाक कुठे अडलं नाही. आणि एकाएकी सगळं शांत झालं. खाली मऊ माती होती. जिना मागे पडला होता.

ताई मागे वळून बघायला थांबली नाही. ती ओरडली. शब्द काही नव्हते, नुसता आनंद होता, आणि मी उलटी लटकून तिच्या सुरात सूर मिसळत होते. उरलेला उतार आम्ही दोघी तशाच, बेभान, वाजत-गाजत उतरलो.

इकडे मैदानात प्लंबर, त्या दिवशी शर्यतीत न उतरता, स्टोव्हशी खुडबुड करत बसला होता. त्याने माझा आवाज ऐकला. त्याच्या डोक्याने विचार करायच्या आतच त्याचे हात सवयीने कामाला लागले. "आली ग ताई! आले सगळे!" म्हणत त्याने खांबांची फीत सोडली, गुंडाळली आणि बायकोला म्हणाला, "ओत चहा." तिने सगळे कप भरलेसुद्धा. मग ती किटली हातात धरून मैदानभर बघत राहिली.

"अहो, पण हे सगळे म्हणजे कोण? इथे तर आपण दोघंच आहोत."

तेवढ्यात धुक्यातून आम्ही बाहेर आलो. अंतिम रेषेवर फीत नव्हती. दोन नुसते खांब होते. त्यांच्यामधून ताईची सायकल सुसाट आत आली आणि टाकीपाशी थांबली.

"ताई?" प्लंबरचा आ वासला. "बाकीचे कुठे गेले? तू मधूनच वळून आलीस की काय?"

"खाणीकडे गेलेत सगळे. मास्तरांच्या मागे."

"आणि तू?"

"मी जिन्यावरून आले."

"चालत?"

"बसून," ताई म्हणाली. तिने खाली वाकून टायरमध्ये अडकलेला मुळाच्या सालीचा तुकडा काढला आणि भावाच्या तळहातावर ठेवला. मग माझ्याकडे बोट दाखवलं. मी अजून उलटीच लटकत होते. प्लंबरने माझ्याकडे बघितलं, सालीकडे बघितलं आणि एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा टाळ्या पिटत नाचायला लागला.

"पहिला कप घ्या आधी," त्याची बायको ताईला म्हणाली. "पण कच्चा असेल बरं का. सकाळपासून स्टोव्ह बारीक करून बसलेत हे. तुम्ही यायच्या आत चहा व्हायला नको म्हणून."

ताईने भावाकडे बघितलं. तो घाईघाईने फीत पुन्हा बांधायला गेला. चहा कोमट होता, पत्ती नीट उतरली नव्हती, साखर तळाशी तशीच होती. इतका वाईट चहा इतक्या आनंदाने पिताना मी कोणाला पाहिलेलं नाही.

बऱ्याच वेळाने एकेक स्वार येऊ लागला. खाणीची वाट दोन्हीकडून काटेरी झुडपांनी आवळलेली, पुढे काढायला जागाच नाही. त्यामुळे फाटकापाशी जो सर्वांत मागे होता तो वळल्यावर पुढे झाला आणि जो सर्वांत पुढे होता तो मागे. डॉक्टर दुसरे आले. त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना. सर्वांत शेवटी मास्तर आले, अंगभर काटे आणि चेहरा उतरलेला. समोर गार झालेले कप एका ओळीत मांडलेले होते.

"चहा ओतला?" त्यांनी विचारलं.

"कधीच," ताई म्हणाली. "मी आले तेव्हाच ओतला. म्हणजे मास्तर, तुमच्या नियमानं पुढच्या वर्षी शर्यतीत मी एकटीच. तुम्ही सगळे घरी बसा."

डॉक्टर असे हसले, की त्यांच्या नाकातून चहा आला. हसण्याचा नुसता पूर लोटला, आणि मास्तरांचंही काही चालेना. गालावरचा काटा काढत तेही हसले. "नियम मागे घेतो," ते म्हणाले. "फाटकाशी एकटा मागे राहिलो ना ताई, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की खाली कोणीतरी थांबलेलं असावं." मग त्यांनी आपणहून सायकल पुढे केली. "ती घंटी द्या इकडे."

ताईने खिशातून तो इवलासा स्क्रूड्रायव्हर काढला. मला सोडवलं, पुसलं आणि मास्तरांच्या हँडलवर घट्ट बसवलं. तिच्या हँडलवर माझ्या जागी एक फिकट गोल वळ उरला होता. त्यावरून अंगठा फिरवत ती म्हणाली, "सुनं सुनं वाटतंय." पण तिची मान ताठ होती, आणि मला तिचा असा अभिमान वाटला, की खटकी न दाबताच वाजावंसं वाटलं.

तर मित्रांनो, आता मी मास्तरांकडे असते. पुढची थंडी येईपर्यंत मला कोणी काढणार नाही. ते रोज माझ्यासकट शाळेत जातात. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी म्हातारी डब्यात पडली असेल, तर तिच्या स्प्रिंगला तेलाचा एक थेंब द्या आणि एकदा वाजवून बघा. तिच्यात किती आवाज शिल्लक आहे ते तिलाही ठाऊक नसेल.

परवा मास्तरांनी मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. पूर्वी पहिली तीन मुलं आली की ते शिट्टी फुंकायचे आणि वर्गाकडे चालू लागायचे. परवा मुलं आली, दप्तरं उचलून निघालीसुद्धा, पण मास्तर जागचे हलले नाहीत. मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यातून एक मुलगी धापा टाकत अजून येत होती. मास्तर माझ्या खटकीवर अंगठा ठेवून उभे राहिले. ती पांढऱ्या रेघेवर पोचली तेव्हा त्यांनी मला जोरात वाजवलं आणि मुलांना म्हणाले, "आता चला. सगळे आले."